घरी बनवलेला व्हिडिओ गेम आणि बॅटरीचा हिशेब

व्हिडिओ गेम दुकानातून आणण्याऐवजी घरीच बनवायचा, ही कल्पना ऐकताना पोरखेळ वाटते. पण शाळा-कॉलेजातल्या अनेक मुलामुलींना आज हा नाद लागला आहे आणि तो वाईट नाही. एक छोटा संगणक, एक छोटा पडदा, आठ-दहा बटणे, एक स्पीकर आणि एक बॅटरी एवढे साहित्य जमले की ज्यांच्या बालपणी टीव्हीला जोडायचा ‘गेम’ आणि रंगीत कॅसेटी होत्या, त्या अब्बा-मामूंच्या काळातले खेळ पुन्हा हातात घेता येतात. मुलगा मोबाईलवर नुसता खेळत बसण्यापेक्षा खेळण्याचे यंत्र जुळवत बसला, तर त्यातून तो बरेच काही शिकतो.

हे सारे जिथे अडते ती जागा बहुधा एकच असते. पडदा लागतो, बटणे चालतात, खेळही सुरू होतो. मग अर्ध्या तासात यंत्र आपोआप बंद पडते, किंवा आवाज वाढवला की पडदा काळा होतो, किंवा ज्या कार्डात खेळ साठवलेले असतात ते कार्डच खराब होते. मूल म्हणते, “प्रोग्रॅममध्ये काहीतरी गडबड आहे.” पुष्कळदा गडबड प्रोग्रॅममध्ये नसते, वीजपुरवठ्यात असते. आणि याच वीजपुरवठ्यात घराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न दडलेला असतो, कारण ही बॅटरी लिथियमची असते. म्हणून हा विषय मुलांइतकाच आई-वडिलांनीही समजून घेण्यासारखा आहे.

चार सेलांचा गेम बॉय

१९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ नावाचे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आणले. त्यामागे गुनपेई योकोई या अभियंत्याची दृष्टी होती. सर्वांत नव्या, महागड्या तंत्रामागे धावण्यापेक्षा जुने, स्वस्त आणि पारखून झालेले तंत्र नव्या रीतीने वापरावे, असे त्यांचे मत होते. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, त्याच्या मागे दिवाही नव्हता. राखाडी-हिरवट रंगाच्या चार छटा, एवढेच. त्याच सुमारास अटारीचे ‘लिंक्स’ आणि सेगाचे ‘गेम गिअर’ हे रंगीत, उजळ पडद्याचे स्पर्धक आले. त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉयला चारच सेल लागत आणि ते कितीतरी जास्त वेळ पुरत. बाजारात टिकला तो गेम बॉय. त्यात खेळांचा वाटा होताच, पण वारंवार सेल आणायला पैसे मागावे लागत नसत, हेही कारण लहान नव्हते.

त्या यंत्रावर एक छोटा लाल दिवा होता. सेल उतरू लागले की तो मंद होत जाई. पडद्यावर टक्केवारी नाही, आकडा नाही, पण मुलाला कळे की आता खेळ जपून खेळावा. वीज पुरवणे आणि उरलेली वीज कळणे, ही दोन्ही कामे त्या यंत्राने साधेपणाने केली होती. घरी यंत्र बनवणाऱ्याला हीच दोन कामे करायची असतात.

यंत्राची भूक

घरगुती यंत्रांत बहुधा ‘रास्पबेरी पाय झिरो’ जातीचा संगणक वापरतात. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर. तो २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पाच डॉलर किमतीला निघाला आणि इंग्लंडमधल्या एका मासिकाने तर तो आपल्या अंकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट दिला. त्याचा पुढचा भाऊ ‘झिरो टू डब्ल्यू’ २०२१ मध्ये आला. हे दोन्ही ५ व्होल्टवर चालतात.

इथे पहिली चूक होते. “पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, मग चार सेल लावू” असे मूल म्हणते. नव्या चार सेलांचे मिळून ६ व्होल्ट किंवा थोडे जास्तच होतात. ५ व्होल्टच्या यंत्राला ते थेट देणे म्हणजे यंत्र जाळण्याचा धोका पत्करणे. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात. चार लावले तर हिशेबाने ४.८ व्होल्ट, म्हणजे आधीच काठावर, आणि खेळता खेळता ते आणखी खाली जातात. त्यामुळे आजकाल एकच लिथियम सेल घेऊन त्याचा दाब वाढवून ५ व्होल्ट करण्याची पद्धत रूढ आहे.

लिथियम सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो पूर्ण भरल्यावर ४.२ असतो आणि ३ च्या आसपास आला की रिकामा समजायचा. हा बदलता दाब स्थिर ५ व्होल्ट करण्याचे काम ‘बूस्ट कन्व्हर्टर’ नावाची छोटी पट्टी करते. ती वीज निर्माण करत नाही, फक्त रूप बदलते, आणि बदलताना थोडी उष्णतेत गमावते.

आता हिशेब करू. समजा, संगणक, पडदा आणि स्पीकर मिळून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट : ५ × ०.५ = २.५ वॅट. बॅटरीवर २००० मिलिअँपिअर-तास लिहिले आहे. लोक इथे २००० ला ५०० ने भागतात आणि “चार तास चालेल” म्हणतात. पण ते २००० आहेत ३.७ व्होल्टचे. म्हणून साठा झाला २ × ३.७ = ७.४ वॅट-तास. कन्व्हर्टरमध्ये शंभरातले पंधरा वाया जातात असे धरले, तर उरले सुमारे ६.३. त्याला २.५ ने भागले की उत्तर येते अडीच तास. चार तासांचे अडीच झाले, कुणी फसवले नाही, हिशेबच अर्धवट होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सेल उतरत जातो तसा त्याचा दाब कमी होतो, पण यंत्राची भूक तेवढीच राहते. ती भागवण्यासाठी कन्व्हर्टर सेलमधून जास्त अँपिअर ओढतो. भरलेल्या सेलमधून साधारण ०.७ अँपिअर, तर ३.४ व्होल्टला आलेल्या सेलमधून जवळपास ०.८७ अँपिअर. म्हणजे सेल थकलेला असतो तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त भार पडतो. “शेवटचे वीस टक्के भराभर संपतात” ही तक्रार इथून येते.

बारीक तारेची करामत

ज्या मुलांची बॅटरी चांगली आहे, कन्व्हर्टरही चांगला आहे आणि तरी यंत्र अडखळते, त्यांनी तारांकडे बघावे. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे कामाला येतो. समजा, येणारी आणि जाणारी तार मिळून ०.३ ओहम अवरोध आहे. एक अँपिअर वाहिला की ०.३ व्होल्ट वाटेतच गळाले. कन्व्हर्टरच्या तोंडाशी ५ व्होल्ट, पण संगणकापाशी ४.७. आवाज वाढला, प्रवाह क्षणभर दीड अँपिअर झाला, की ४.५५. रास्पबेरी पायच्या मोठ्या मॉडेलांमध्ये दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह चमकते. झिरो जातीच्या संगणकांत ही सूचना देणारी सोयच नाही. तिथे यंत्र काही न सांगता अडखळते किंवा पुन्हा सुरू होते. म्हणूनच या कंपनीचे स्वतःचे चार्जर ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे असतात, तारेत गळणारा वाटा आधीच धरलेला असतो.

उपाय साधा आहे. वीज नेणाऱ्या तारा जाड आणि आखूड ठेवाव्यात, बटणांच्या तारा बारीक चालतील. मधला चालू-बंद करण्याचा खटका अगदी क्षुल्लक, हलका घेऊ नये. आणि मीटर लावायचे ते बॅटरीपाशी नव्हे, संगणकाच्या पिनांपाशी, तेही खेळ चालू असताना.

मोजायचे कसे

पहिले साधन मल्टिमीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे तो मिळतो, आणि ज्या घरात असा छंद आहे तिथे तो असायलाच हवा. वापरण्याचे दोनच नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत. व्होल्ट मोजायचे ते दोन टोकांवर बाहेरून टेकवून. अँपिअर मोजायचे ते तार तोडून मध्ये मीटर घालून. अँपिअरच्या खाचेत सळई ठेवून ती बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवली, तर ती बॅटरी शॉर्ट करण्यासारखेच आहे. मीटरचा फ्यूज तर उडेलच, सेलही तापेल. म्हणून अँपिअर मोजून झाले की लाल सळई लगेच व्होल्टच्या खाचेत परत.

ज्यांना तार तोडायची नाही, त्यांच्यासाठी यूएसबी मीटर असते. चार्जर आणि यंत्र यांच्या मध्ये लावले की व्होल्ट, अँपिअर आणि एकूण मिलिअँपिअर-तास तिन्ही दिसतात. एखादा खेळ सुरू करून, आवाज आणि उजेड कमी-जास्त करून आकडे कसे बदलतात ते मुलांनी वहीत लिहून काढावे. हातातल्या छोट्या यंत्रात पडद्यामागचा दिवा बराच मोठा वाटा खातो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. उजेड थोडा कमी केला, वायफाय बंद केले, तर त्याच बॅटरीवर जास्त वेळ खेळता येतो.

पडद्यावर टक्केवारी दाखवायची असेल तर

मोबाईलसारखी टक्केवारी यंत्राच्या कोपऱ्यात दिसावी, असे प्रत्येक मुलाला वाटते. इथे एक गैरसमज आधी दूर करू. या संगणकाला ‘व्होल्ट मोज’ अशी एक आज्ञा देता येते आणि तो आकडाही दाखवतो. पण तो आकडा असतो आतल्या प्रोसेसरचा, एक-सव्वा व्होल्टच्या आसपास. बॅटरीशी त्याचा संबंध नाही. या संगणकाला बाहेरचा दाब मोजण्याची सोय मुळात दिलेलीच नाही. त्याच्या पिनांना फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे कळते, आणि त्यांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. तो थेट पिनेला जोडला तर पिन जाईल, कदाचित संगणकही.

यासाठी एक वेगळी चिप लावतात. त्यांतली आयएनए २१९ ही छंद करणाऱ्यांत बरीच वापरली जाते. तिच्या तयार पट्टीवर ०.१ ओहमचा एक रोधक असतो. सगळा प्रवाह त्यातून जातो आणि त्याच्या दोन टोकांमधला सूक्ष्म फरक मोजून चिप अँपिअर सांगते. बॅटरीचे व्होल्टही तीच सांगते. हिशेब तोच, ओहमचा. ०.८ अँपिअर वाहिला तर त्या रोधकावर ०.०८ व्होल्ट. हा वाटाही गळतोच, म्हणून ही पट्टी ५ व्होल्टच्या बाजूला न लावता सेलच्या बाजूला लावणे बरे. तिथे पुढचा कन्व्हर्टर तो फरक भरून काढतो.

आता टक्केवारी. केवळ व्होल्टवरून ती काढणे फसवे असते. लिथियम सेलचा दाब सुरुवातीला थोडा उतरतो, मग बराच वेळ मधल्या पट्ट्यात रेंगाळतो आणि शेवटी कोसळतो. शिवाय भार पडला की दाब दबतो आणि भार काढला की पुन्हा वर येतो. त्यामुळे खेळताना ‘३० टक्के’ दिसतात आणि थांबल्यावर ‘४५’. मुलाला वाटते, बॅटरी आपोआप भरली! यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे बाहेर पडलेल्या विजेचा हिशेब ठेवणे. घरखर्चाच्या वहीसारखेच. सेल पूर्ण भरायचा, यंत्र सुरू करायचे, ठराविक सेकंदांनी किती अँपिअर गेले ते चिपकडून घेऊन बेरीज करत जायची. यंत्र बंद होईपर्यंतची बेरीज म्हणजे त्या सेलची खरी ऐपत. पुढच्या वेळी त्यातून वजाबाकी केली की उरलेली टक्केवारी मिळते.

हाच प्रयोग सेलचा खोटेपणाही उघडा पाडतो. टॉर्चमध्ये घालतात त्या गोल लिथियम सेलला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या आकारात नामांकित कंपन्यांचे चांगले सेल साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंतचे असतात. बाजारात ९९०० लिहिलेले सेल सर्रास दिसतात. तो आकडा त्या आकारात मावतच नाही. चांगला सेल वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हातात फारच हलका लागला तर न घेतलेला बरा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. खरेदी करताना ते छापलेले आहे का, हे जरूर पाहावे.

शेवटचे काम म्हणजे यंत्र वेळेवर आणि नीट बंद होणे. कार्डावर काही लिहिले जात असताना वीज गेली तर कार्डातली माहिती बिघडू शकते, आठवडाभर खेळून गाठलेला टप्पा जातो. सेल साधारण ३.२ व्होल्टला आला की संगणकाने स्वतःहून सगळे जतन करून बंद व्हावे, अशी काही ओळींची आज्ञावली मुले सहज लिहू शकतात. यात बॅटरीचेही आयुष्य वाचते.

आई-वडिलांसाठी

आता घराची गोष्ट. लिथियम सेल चांगला नोकर आहे, पण त्याच्याशी निष्काळजीपणा चालत नाही. जास्त चार्ज झाला, शॉर्ट झाला, टोचला गेला किंवा फार तापला, तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून पुढच्या गोष्टींवर मोठ्यांनी स्वतः लक्ष ठेवावे.

सेलला चार्ज करण्यासाठी लिथियमचीच चार्जिंग पट्टी हवी. छंदवाल्यांत टीपी ४०५६ ही स्वस्त पट्टी वापरली जाते. ती ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवते. मात्र तिचे दोन प्रकार मिळतात. एकात फक्त चार्जिंग असते, दुसऱ्यात सेल फार उतरण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवणारे संरक्षणही असते. दुसराच घ्यावा. ही पट्टी मुळात एक अँपिअरने चार्ज करते. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या सेलला तो वेग फार होतो. पट्टीवरचा एक रोधक बदलून वेग कमी करता येतो. १.२ किलोओहमच्या जागी ५ किलोओहम लावला तर तो सुमारे २५० मिलिअँपिअर होतो. शिवाय चार्जिंग चालू असताना त्याच पट्टीवर खेळत बसू नये. सेल भरला की नाही हे पट्टी सेलकडे जाणाऱ्या प्रवाहावरून ओळखते, आणि खेळणारे यंत्र मध्ये वीज ओढत राहिले तर तिचा अंदाज चुकतो.

चपट्या सेलच्या तारांना पांढरे जोड असतात. त्यांत धन कोणते आणि ऋण कोणते, याचा सर्व विक्रेत्यांचा एकच नियम नाही. लाल-काळ्या रंगावर आणि जोडाच्या आकारावर विश्वास न ठेवता आधी मीटरने तपासावे, मगच जोडावे. सेलवर थेट सोल्डरिंगची गरम सळई टेकवू नये, तारा लावलेला सेल घ्यावा किंवा सेलचा होल्डर वापरावा.

चार्जिंग जागेपणी, डोळ्यांसमोर, फरशीवर किंवा ओट्यावर करावे. उशीखाली, गादीवर, पडद्याजवळ कधीच नाही. घरातले सगळे झोपले आहेत आणि कोपऱ्यात मुलाने बनवलेले यंत्र चार्ज होत आहे, हे चित्र टाळावे. फुगलेला सेल दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. तो कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, कारण कचरागाडीत दबून तिथे आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा किंवा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात द्यावा. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आपल्या देशात २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. सेल पेटलाच, तर धुरात न थांबता सर्वांना बाहेर काढावे, जमल्यास मेन स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

आणखी एक गोष्ट कानावर घालावी. जुने खेळ इंटरनेटवर फुकट मिळतात म्हणून ते फुकट घेण्याचा हक्क आपल्याला मिळतो असे नाही, त्यांतल्या अनेकांचे मालक आजही आहेत. छंद करणाऱ्यांनी नवे बनवून मोकळेपणाने वाटलेले खेळही भरपूर आहेत. मुलांनी त्यांपासून सुरुवात करावी.

घरात असे यंत्र बनत असेल तर मुलाला एकदा विचारा, “बेटा, हे किती वॅट घेते? बॅटरी किती पुरेल?” उत्तर वहीत आकड्यांनी लिहिलेले असेल, तर त्याला पुढचे साहित्य आणायला पैसे जरूर द्या. उत्तर “बघू, चालेल तेवढे चालेल” असे असेल, तर आधी मल्टिमीटर आणून द्या. मुलगी हे करत असेल तर तिलाही तेच विचारा आणि तेच द्या. उद्या घरातला इन्व्हर्टर, छतावरचे सौर पॅनल किंवा विजेवरची स्कूटर घेताना हीच मुले दुकानदाराला नेमका प्रश्न विचारतील आणि आपल्यालाही हिशेब समजावून सांगतील.